संगणकाच्या पहिल्या पिढीच्या खुणा जपताना...

कोल्हापूर - कार्यालयातील जुना संगणक भंगारात निघतो, तेव्हा त्याच्याबरोबर फ्लॉपी, माहितीपुस्तिका, कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे आणि छापील पावत्याही जातात. यंत्राचा दुसरा नमुना कोठेतरी मिळू शकतो. त्यावर झालेल्या कामाची कागदपत्रे मात्र पुन्हा मिळत नाहीत. म्हणूनच या वस्तूंच्या संग्रहाला महत्त्व आहे.

कागदाचे मोल
'ॲपल' कंपनीचा १९७६ मधील तीन पानी भागीदारी करार २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १५ लाख ९० हजार डॉलरला विकला गेला. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात यंत्रांबरोबरच कागदपत्रे आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखतीही जतन केल्या आहेत. महाराष्ट्रातही असा ठेवा आहे. पुण्यात १९८८ मध्ये 'सी-डॅक'ची स्थापना झाली. तेथील 'जिस्ट कार्ड' संगणकात बसवले, की डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. ते कार्ड आणि त्याची पुस्तिका म्हणजे मराठीच्या संगणकप्रवेशाचा पुरावाच होय.

वारणेचा धडा
कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी वारणानगर परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांतून शेतकऱ्यांना इंटरनेट आणि शेतीविषयक माहिती मिळावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात संगणकाचा मुख्य उपयोग उसाची नोंद, तोडणीचा परवाना आणि वजनाचा हिशेब यांसाठीच होत असल्याचे संशोधकांना आढळले. पुढे सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशांचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्पाचे उद्दिष्ट अहवालात वाचता येते. केंद्रात रोज काय घडत होते, हे मात्र तेथील पावत्या आणि चालकाच्या नोंदवहीवरूनच कळू शकते.

जतन कसे करावे?
- वस्तू कोणाची, कोणत्या टेबलावरची, कोणत्या वर्षाची, ही माहिती वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावी. मूळ कागदावर काही लिहू नये.
- फ्लॉपी ध्वनिक्षेपक व चुंबकापासून दूर, कोरड्या जागी ठेवावी. पावसाळ्यातील दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. वाचता येत असेल, तर तिची प्रत आधी काढावी.
- थर्मल कागदावरील मजकूर पुसट होत जातो. त्याचे छायाचित्र लगेच घ्यावे.
- जुन्या मदरबोर्डवरील बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते. ती जाणकाराकडून काढून घ्यावी.
- खातेदारांची नावे व हिशेब असलेली कागदपत्रे संस्थेच्या परवानगीशिवाय घेऊ नयेत, प्रदर्शनातही मांडू नयेत.

त्या काळी संगणकावर काम केलेले अनेक कर्मचारी आता निवृत्त झाले आहेत. पावतीवरील सांकेतिक आकड्यांचा अर्थ तेच सांगू शकतात. त्यामुळे वस्तूबरोबर त्यांची आठवणही नोंदवून ठेवली, तरच संग्रह पूर्ण होईल.