लढाऊ वैमानिकाचा गणवेश (संग्राह्य वस्तू)

दुसऱ्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेल्या वैमानिकाने प्रत्यक्ष वापरलेला पोशाख. संग्राहकांची सर्वाधिक ओढ ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या, त्यातही १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये लढलेल्यांच्या गणवेशाकडे असते. निळसर राखाडी लोकरी कोट, चार पितळी बटणे, कापडी पट्टा, डाव्या खिशाच्या वर पंखचिन्ह व त्याखाली पदकांच्या फिती, बाह्यांवर हुद्द्याच्या पट्ट्या असे त्याचे रूप. लढाऊ वैमानिक वरचे बटण मुद्दाम उघडे ठेवीत. बाकीच्या दलाला त्यांचा तेवढा तोरा खपवून घ्यावा लागे. असे कोट हजारोंनी शिवले गेले. खरे मोल चढते ते कोट कोणाचा हे पटल्यावर.

ते पटवून घेण्याची पहिली जागा आतला खिसा. अधिकारी भत्त्यातून आपल्या शिंप्याकडे गणवेश शिवून घेत आणि शिंपी आतल्या खिशात दुकानाची चिठ्ठी शिवून तीवर शाईने गिऱ्हाइकाचे नाव व तारीख लिही. सार्जंट वैमानिकांना सरकारी कोठारातून तयार कपडे मिळत. त्यांवर राजमुकुट व ‘एएम’ (हवाई मंत्रालय) असा शिक्का असे. शिंप्याच्या चिठ्ठीला एवढे महत्त्व येण्याचे कारण असे, की ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ (डीएफसी) या पदकावर मानकऱ्याचे नाव कोरून दिले जात नसे. युद्धकाळातील पदकांच्या मागे फक्त वर्ष असे.

फितीही वाचता याव्या लागतात. डीएफसीची फीत पांढऱ्या-जांभळ्या तिरप्या पट्ट्यांची; तेच पदक दुसऱ्यांदा मिळाले तर तीवर रुपेरी गुलाबफूल चढे. खालच्या हुद्द्यांसाठीच्या ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल’चे रंग तेच, पट्ट्या मात्र अरुंद. अधिकाऱ्याच्या कोटावर ही अरुंद पट्ट्यांची फीत दिसली, की माणूस सार्जंटपदावरून वर आला हे समजावे. ‘१९३९–४५ स्टार’ची गडद निळी, तांबडी व फिकट निळी फीत १९४० मध्ये अस्तित्वातच नव्हती. ती असलेला कोट खोटा ठरत नाही, पण तो ‘लढाईच्या दिवशी होता तसाच’ असल्याची विक्रेत्याची बढाई खोटी ठरते.

नखशिखान्त बनावट कोट थोडेच. बहुधा कोट खरा, एखाद्या अनाम कारकुनी अधिकाऱ्याचा. पंख व फिती मागाहून डकवलेल्या. भिंग घेऊन बघावे: जुन्या पंखचिन्हाखालचे कापड सहसा कमी विटलेले असते, आणि बढतीनंतर पट्टी वाढवली असेल तर आधीच्या टाक्यांची बारीक भोके उरतात. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारा दोरा संशयास्पद. मात्र अलीकडच्या साबणाने धुतलेले अस्सल कापडही चमकते. १९५३ नंतरच्या चिन्हांवर राणीचा, मध्ये खचलेल्या कमानींचा मुकुट आला, म्हणून गोल कमानींचा जुना मुकुट ही कित्येक वर्षे सोपी खूण होती. २०२२ मध्ये राजे चार्ल्स यांनी गोल कमानींचाच मुकुट निवडला. तेव्हापासून नवख्याने या खुणेवर फार विसंबू नये.

रॉयल एअर फोर्सच्या फायटर कमांडमध्ये (लढाऊ विमानांच्या विभागात) या युद्धात ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे सर्वोच्च शौर्यपदक एकालाच मिळाले: फ्लाइट लेफ्टनंट जेम्स निकल्सन. १६ ऑगस्ट १९४० रोजी साउदॅम्प्टनजवळ आपले हरिकेन विमान पेटले असताना त्यांनी आत राहूनच शत्रूवर मारा केला; पॅराशूटने उतरताना स्वकीयांचीच गोळी लागली. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते २७ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले आणि २ मे १९४५ रोजी बंगालच्या उपसागरात विमान कोसळून गेले. त्यांची पदके १९८३ मध्ये १,१०,००० पौंडांना विकली गेली. त्या क्रॉसची फीत किरमिजी. कोटावर नुसती फीत लावताना तिच्या मध्यावर चिमुकला क्रॉस असतो.

१९४० मध्ये ब्रिटनला गेलेल्या २४ भारतीय वैमानिकांपैकी महिंदरसिंग पुज्जी (डीएफसी) पगडी घालून उडत. अशा गणवेशात पगडी हाही एक भाग मानावा लागतो. केवळ कोट मिळाला तर संच अपुरा.

जतनातील मोठा शत्रू कसर. शंका येताच कोट पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे खोल गोठणपेटीत ठेवतात. एरवी तो अंधारात, आम्लविरहित कागदाच्या घड्या भरून आडवा ठेवावा. तारेच्या हँगरने खांदे ताणले जातात. तेलाचे, रक्ताचे डाग धुऊ नयेत. बटणे कोटावर असताना पॉलिश लावू नये, भोवतालच्या लोकरीवर त्याचा पांढरा-हिरवा थर बसतो.