खाट, घर आणि हिशेब

उपचारांच्या खर्चाचा हिशेब मांडणारा अर्थशास्त्रज्ञ म्हणजे रुग्णाच्या औषधाला कात्री लावणारा माणूस, असा समज सरकारी कचेऱ्यांतही आढळतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी; शिवाय सेवेतील बरीच वर्षे वित्त शाखेच्या टेबलावर गेली. हा समज पसरवण्यात माझाही थोडा हातभार असावा. म्हणूनच मद्रासमधील एका जुन्या प्रयोगाची हकीकत आज सांगावीशी वाटते.

भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात तेव्हाच्या हिंदुस्थानातील क्षयरोगाचे चित्र आहे. रुग्ण सुमारे २५ लाख, वर्षाला मृत्यू सुमारे ५ लाख, आणि क्षयरुग्णांसाठी खाटा जेमतेम ६,०००. उपचार म्हणजे सॅनिटोरियम, अशी त्या काळची समजूत होती : विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार. म्हणजे ज्याला खाट मिळाली त्याला उपचार मिळाले. बाकीच्यांना नुसती प्रतीक्षा. पुढे काही वर्षांतच स्ट्रेप्टोमायसिन, पॅस आणि आयसोनियाझिड ही औषधे हाती आली आणि एक साधा प्रश्न उभा राहिला : औषध असेल, तर खाट हवीच का?

हा प्रश्न तपासण्यासाठी १९५६ साली मद्रासला एक केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली शहरातील १९३ गरीब रुग्ण निवडण्यात आले. कोणी सॅनिटोरियमात जायचे आणि कोणी घरी राहायचे, हे यादृच्छिक पद्धतीने, एका अर्थी चिठ्ठ्या टाकून, ठरले. औषधे दोन्हीकडे तीच, मुदत एक वर्ष. सॅनिटोरियमात चांगला आहार, विश्रांती आणि परिचारिका होत्या; घरी दाटीवाटीच्या खोल्या, निकृष्ट जेवण आणि रोजच्या कामाची ओढ.

निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस सॅनिटोरियमातील ९२ टक्के, तर घरच्या ८६ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता. घरातील इतर माणसांना संसर्गाचा धोका घरगुती उपचारांमुळे वाढत नाही, हेही पुढील पाहणीतून दिसले.

हा प्रयोग वैद्यकांचा होता. परंतु आज ज्याला खर्च-परिणामकारकतेचे विश्लेषण म्हणतात, त्याचा गाभा त्यात आहे. सहा टक्क्यांचा हा फरक एका रुग्णाच्या बिछान्याशी उभे राहून पाहिला, तर खाटच श्रेष्ठ वाटेल. अर्थशास्त्रज्ञ मात्र दाराबाहेरच्या रांगेकडेही पाहतो. केवळ उदाहरणादाखल समजा, की खाटेवरील उपचाराला घरच्या उपचाराच्या पाचपट खर्च येतो. मग जेवढ्या पैशात सॅनिटोरियमातील १०० जणांपैकी ९२ बरे होतील, तेवढ्यातच घरी ५०० जणांवर उपचार होऊन ४३० बरे होतील. उरलेल्या ३३८ जणांची नावे कोणत्याच नोंदवहीत नसतात. त्यांची बाजू मांडणे हेच या अर्थशास्त्रज्ञाचे काम.

इथवरची कथा सुखान्त वाटेल. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि घरगुती उपचार हे देशाचे धोरण झाले. पण मद्रासच्या त्या ८६ टक्क्यांमागे आणखी एक गोष्ट होती. रुग्ण दर आठवड्याला केंद्रावर येऊन औषध नेत. कर्मचारी त्यांच्या घरी जात, न कळवता गोळ्या मोजत, औषध पोटात गेले की नाही हे लघवीच्या तपासणीवरून पाहत. स्वस्त ठरलेल्या उपचारात हा पाठपुरावाही धरलेला होता. देशभर विस्तार करताना आपण खाट वगळली, आणि पुष्कळ ठिकाणी पाठपुरावाही. १९९२ साली कार्यक्रमाचा आढावा घेतला गेला, तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करत असल्याचे आढळले. सुधारित कार्यक्रमाने पाठपुराव्याला पुन्हा मध्यवर्ती स्थान दिले, ते त्यानंतरच.

हे वाचताना मला माझीच एक टिपणी आठवते. एका आरोग्य योजनेच्या प्रस्तावात क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या प्रवासभत्त्याची रक्कम होती. ‘हा खर्च टाळता येण्याजोगा आहे’ असा शेरा मी मारला आणि रक्कम निम्मी केली. औषधांच्या तरतुदीला हात लावला नाही, याचे मला त्या वेळी समाधानही वाटले होते. मी बचत केली असे समजत होतो. प्रत्यक्षात मी ज्या उपचाराला मंजुरी दिली, तो तपासलेला उपचार उरलाच नव्हता.

आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनासाठी आपल्याकडे २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागांतर्गत स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आहे. तिचे अहवाल आता आमच्या टेबलांवर येतात. प्रति आयुर्वर्ष खर्चाचा आकडा पाहून सही करणे सोपे असते. पण तो आकडा कोणत्या अटींवर मिळाला, त्या अटी मंजुरीत शिल्लक आहेत का, हे पाहणे आमच्यासारख्यांचे काम आहे. मद्रासच्या त्या गरीब रुग्णांनी खाटेविना बरे होता येते हे सिद्ध केले. मात्र आठवड्याच्या आठवड्याला कोणीतरी त्यांची वाट पाहत होते, हे आपण फायलीत नोंदवायला विसरलो.