दात खाण्याचे कोडे

वाशी तालुक्यातले तेरखेडा गाव फटाक्यांच्या कारखान्यांमुळे दूरवर माहीत आहे. तिथल्या काय किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत काय, वर्गात एक प्रश्न विचारून पाहा: ‘तुमच्या घरी झोपेत दात कोण खातं?’ काही हात नक्की वर होतील. ‘का खातात?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘पोटात जंत झालेत म्हणून.’ हे उत्तर चूक आहे एवढेच सांगून थांबू नये. या कोड्यात जाणकार तज्ज्ञही कसे चकले, ती हकीकत अधिक शिकवणारी आहे.

आधी एक छोटा प्रयोग. दोन्ही तर्जन्या कानांच्या पुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटांखाली काहीतरी आधी फिरते आणि मग पुढे सरकते. हा जबड्याचा सांधा. बिजागरीसारखे फिरणे आणि खणासारखे सरकणे ही दोन्ही कामे तो करतो. त्याच्या दोन हाडांमध्ये एक मऊ चकती असते. ती जागेवरून हलली की ‘कट्’ असा आवाज येतो. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एकाला सोडून दुसरा हलू शकत नाही.

हा सांधा निखळतो हे फार पूर्वीपासून माहीत होते. इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय पपायरसमध्ये, अंगठे तोंडात आणि बोटे हनुवटीखाली धरून जबडा मागे बसवण्याची रीत दिली आहे. आजचे डॉक्टरही जवळपास तसेच करतात. आपल्याकडे सुश्रुताने या विकाराला ‘हनुमोक्ष’ म्हटले. सांधा शेकावा, हाड जागेवर बसवावे आणि पट्टी बांधावी, असा उपचार त्याने सांगितला. वाग्भटाने कारणांमध्ये कोरडे अन्न चावणे आणि मार लागणे यांचा समावेश केला. निखळलेला सांधा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे निदान आणि उपाय दोन्ही नेमके सापडले.

दात खाण्याचे तसे नाही. ते घडते रात्री आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कारोली या दंतवैद्याने या सवयीचा संबंध हिरड्यांच्या विकाराशी जोडला. १९०७ मध्ये मारी आणि पिएट्‌किएविच या फ्रेंच डॉक्टरांनी तिला ‘ब्रुक्सोमनी’ हे नाव दिले. त्यातूनच पुढे ‘ब्रुक्सिझम’ हा शब्द रूढ झाला. १९३४ मध्ये अमेरिकेतले कान-नाक-घसातज्ज्ञ कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून एक उपपत्ती मांडली. मागचे दात पडले की जबडा वर-मागे सरकतो, कानाजवळच्या नसा दाबतो आणि त्यामुळे कान व डोके दुखते, असे त्यांचे म्हणणे होते. शरीररचनातज्ज्ञांनी सांध्याची बारकाईने पाहणी केली, तेव्हा नसा तशा दाबल्या जाणे शक्य नाही असे दिसले. पण ‘दोष दातांच्या बैठकीत आहे’ हा विचार टिकून राहिला. वरचा दात खालच्या दातावर नीट बसत नाही, म्हणून झोपेत माणूस तो अडथळा घासून काढू पाहतो, हे पटण्याजोगे होते. परिणामी अनेकांचे धडधाकट दात यंत्राने घासले गेले. घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

ही समजूत तपासायची कशी? १९८४ मध्ये रघ आणि सहकाऱ्यांनी उलटा प्रयोग केला. त्यांनी काही माणसांच्या दातांवर मुद्दाम उंच टोप्या बसवल्या आणि रात्री जबड्याच्या स्नायूंची हालचाल मोजली. दोष बैठकीचा असता, तर दात खाणे वाढायला हवे होते. ते वाढले नाही. बऱ्याच जणांत उलट कमीच झाले!

खरा धागा झोपेच्या प्रयोगशाळेत मिळाला. कॅनडातल्या लाविन्य, काटो आदी संशोधकांना एक क्रम दिसला. झोप क्षणभर हलकी होते, मेंदूच्या लहरी बदलतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यानंतर जबड्याचे स्नायू आवळले जातात. म्हणजे सुरुवात दातांत नव्हे, मेंदूत होते. ताणतणाव, तंबाखू, दारू, जास्त चहा-कॉफी, काही औषधे आणि झोपेत श्वास अडखळणे यांनी ही सवय वाढू शकते. ती घराण्यातही आढळते. मुलांत ती अधिक दिसते आणि वयानुसार कमी होते.

सांध्याच्या बाबतीतली घाई याहून महागात पडली. १९८०च्या दशकात अमेरिकेत दुखऱ्या सांध्यांत टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या बसवल्या गेल्या. चावण्याच्या दाबाने त्यांचे तुकडे झाले आणि शरीराच्या प्रतिक्रियेने आजूबाजूचे हाड झिजले. १९९०-९१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला त्याविरुद्ध पावले उचलावी लागली.

याउलट नेमक्या निरीक्षणाचे एक उदाहरण मुंबईचे आहे. तोंड उघडेनासे झाले म्हणजे दोष सांध्याचाच असतो, असे नाही. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाजवळच्या आवरणाखाली तंतू साचून ते ताठ होण्याचा विकार नोंदवला. त्याचे मुख्य कारण सुपारी, हे पुढे स्पष्ट झाले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी हा विकार संपलेला नाही आणि त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावत नसतील, तर त्याला दंतवैद्याकडे पाठवा.

मग दात खाणाऱ्यांनी काय करावे? लहान मुलांत बहुधा काहीच नाही. घोरणे किंवा श्वास अडखळणे सोबत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. मोठ्यांचे दात झिजत असतील तर रात्री लावायचे आवरण दात वाचवते, पण सवय थांबवत नाही. दातांची झीज जात्याची कच, मशेरी किंवा आंबट पदार्थ यांनीही होते, हे लक्षात ठेवावे. दिवसा दातावर दात आवळण्याची सवय असेल तर ‘ओठ मिटलेले, दात सुटे’ एवढे आठवत राहावे. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर उपचारांची गरज नसते. दुखत असेल तर मऊ अन्न, शेक आणि जबड्याला विश्रांती यांनी बहुतेकांना उतार पडतो.

आणि जंत? ते आणि दात खाणे यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. शाळेत जंतनाशकदिनी गोळी जरूर द्यावी. ती जंतांसाठी असते, दातांसाठी नव्हे. मात्र वर्गातल्या त्या उत्तराला हसू नये. जंतांवर विश्वास ठेवणारी आजी आणि बैठकीवर विश्वास ठेवणारे तज्ज्ञ, दोघांनीही पटणारे कारण खरे मानले होते. फरक एवढाच पडला की पुढे कोणीतरी उंच टोपी बसवून पाहिली.