दोन अ‍ॅल्युमिनियम नौकांमधील निवड

अमेरिकेतील मिनेसोटासारख्या सरोवरांच्या प्रदेशात हौशी मासेमारीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या नौका लोकप्रिय आहेत. समान लांबीच्या दोन नौकांतून निवड करताना प्रथम तळ पाहावा. खोल ‘व्ही’ आकाराचा तळ लाटा कापतो. सपाट तळ उथळ पाण्यात सोयीचा, मात्र लाटांवर आदळतो. नंतर सांधे तपासावेत. रिव्हेट कालांतराने सैल होऊन पाणी झिरपू शकते. वेल्डिंगमध्ये हा धोका कमी, पण तडा गेल्यास दुरुस्तीस कुशल कारागीर लागतो. २० फुटांहून लहान मोटारनौकांवर तेथील नियमांनुसार माणसे व वजन यांची कमाल मर्यादा दर्शविणारी पट्टी असते. बाहेरून बसविलेल्या इंजिनासाठी अश्वशक्तीही नमूद असते. कुटुंबासह जाणाऱ्यांनी किमतीपेक्षा या आकड्यांना अधिक महत्त्व द्यावे.