चाळणी आणि करवंटीचा कोळसा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे संगणकासमोर बसायला घरातून बंदी होती. आता बसू देतात, पण घड्याळ लावून!

तर झालं असं. दिवाळीनंतर एका लग्नाला आम्ही सगळे अंबरनाथला गेलो होतो. लेक, जावई, नातू आणि मी. कात्रपला परत यायला निघालो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. जावयांची गाडी नवी आहे. तिच्या पडद्यावर आतल्या हवेतल्या धुळीचा आकडा दिसतो. आकडा हिरवा होता, म्हणजे हवा उत्तम. आणि औद्योगिक वसाहतीच्या बाजूने येताना तो वास आला. आमच्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते : सडलेली अंडी आणि त्यात थोडं नेलपॉलिश. घसा चुरचुरायला लागला, डोळ्यांत पाणी आलं. नातवाला दमा आहे. त्याने न सांगताच खिशातला पंप काढला.

जावई म्हणाले, "आई, फिल्टर मागच्याच महिन्यात बदललाय हो. साध्याच्या तिप्पट पैसे मोजलेत. हेपा आहे." बिचारे अगदी ओशाळले होते. काचा बंद, एसी चालू, आकडा हिरवा, आणि मागच्या सीटवर पोरगं पंप ओढतंय.

आकडा खोटा नव्हता आणि वासही खोटा नव्हता. मग हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? माझा विषय इतिहास, विज्ञान नव्हे. पण शाळेत एक सवय लागली होती : एखादी गोष्ट अशी का आहे हे कळत नसेल, तर ती कुठून आली ते बघायचं. म्हणून थोडं वाचलं. लक्षात आलं की आपण ज्याला सरसकट 'फिल्टर' म्हणतो, त्यात दोन वेगळी घराणी आहेत. एक चाळणीचं, दुसरं कोळशाचं.

कोळशाचं घराणं आपल्या चांगलं ओळखीचं आहे. पुस्तकातलं तीन मडक्यांचं चित्र आठवतं का? वरच्या मडक्यात कोळसा, मधल्यात वाळू, खालच्यात स्वच्छ पाणी. पाण्याला हे चालतं, मग हवेला का नाही, असा विचार जॉन स्टेनहाउस नावाच्या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने केला. १८५४ साली त्याने कोळसा भरलेला मुखवटा केला, आणि लंडनच्या महापौरांच्या निवासस्थानी, मॅन्शन हाउसमध्ये, हवा आत येण्याच्या वाटेवर कोळशाच्या गाळण्या बसवल्या. कारण काय, तर दुर्गंधी. त्या काळी लंडनचं सांडपाणी सरळ थेम्स नदीत जात असे. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात ती घाण इतकी वाढली की नदीकाठच्या पार्लमेंटात बसणं अवघड झालं. तेव्हा कुठे मोठ्या गटारांच्या योजनेला पैसे मंजूर झाले. (नाकाशी आल्याशिवाय सरकार हलत नाही, हे तेव्हापासूनचं आहे तर!)

१८७१ मध्ये जॉन टिंडाल याने अग्निशमन दलाच्या जवानांसाठी एक मुखवटा तयार केला. ग्लिसरीनमध्ये भिजवलेला कापूस धुराच्या कणांसाठी, आणि कोळसा व चुना वायूंसाठी. धुरात कण वेगळे आणि वायू वेगळे, हे त्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं. आमच्या फिल्टरच्या दुकानदाराला नव्हतं, किंवा असूनही त्याने सांगितलं नाही.

मग पहिलं महायुद्ध. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला. आपल्याकडची लाहोर डिव्हिजन घाईघाईने तिथे पोचवली गेली आणि चार दिवसांत तिलाही वायूला तोंड द्यावं लागलं. त्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले जमादार मीर दस्त स्वतः वायूने पोळलेले होते. सुरुवातीला सैनिकांकडे होती ती ओल्या कापडाची घडी. त्यानंतर मुखवट्यांत कोळसा आला, आणि सगळ्यात चांगला कोळसा कशाचा, याचा शोध सुरू झाला. उत्तर ऐकून मला फार गंमत वाटली : नारळाच्या करवंटीचा! अमेरिकेत करवंट्या पुरेनात म्हणून १९१८ मध्ये लोकांकडून पीच फळाच्या बियासुद्धा गोळा केल्या गेल्या. करवंटी कठीण असते, तिच्या कोळशाला अतिशय बारीक छिद्रं पडतात. खास प्रक्रिया केलेल्या एका ग्रॅम कोळशाच्या आतल्या छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून पसरला, तर तो पाचशे ते हजार चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त भरतो. वायूचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. जागा संपली की मात्र पुढचे रेणू सरळ निघून जातात, आणि कोळसा दिसायला आधी होता तसाच काळा.

चाळणीचं घराणं वेगळं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, अर्व्हिंग लँगम्युअर या शास्त्रज्ञाने धुराचे कण तंतूंच्या जाळीत कसे अडकतात याचा अभ्यास केला. खरं तर ही चाळणी नव्हेच. मोठे कण तंतूवर आपटतात, मधले घासून जाताना चिकटतात, अगदी सूक्ष्म कण भरकटत भरकटत तंतूला जाऊन लागतात. सगळ्यात कठीण जातो तो मधल्या आकाराचा, साधारण ०.३ मायक्रॉनचा कण. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) अणुबॉम्बच्या कारखान्यांतली किरणोत्सारी धूळ अडवायला असे फिल्टर वापरले गेले, आणि पुढे त्यांनाच हेपा हे नाव पडलं. ९९.९७ टक्के हा जो आकडा दुकानात ऐकवतात, तो या ०.३ मायक्रॉनच्या कणाबद्दलचा आहे. आकडा खरा आहे. पण वायूबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. वायूचा रेणू त्या जाळीतून असा जातो, जसा वारा मच्छरदाणीतून.

घरात हा फिल्टर आला तो जर्मनीत. १९६३ मध्ये हामेस बंधूंनी कोळशाच्या शेगडीची काजळी भिंतीवर बसू नये म्हणून एक साधं उपकरण विकायला काढलं. गाड्यांमध्ये बाहेरची हवा गाळून आत घेण्याची सोय अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ मध्येच केली होती, पण आजच्यासारखा घडीचा, बदलता येणारा फिल्टर रुळला तो १९८० च्या दशकाच्या शेवटी, युरोपात. आमच्या वेळच्या फियाटमध्ये फिल्टर म्हणजे पुढच्या दारातली त्रिकोणी काच. ती फिरवली की वारा थेट तोंडावर, धुळीसकट. कुणाची तक्रार नव्हती, कारण गाडीच कुणाकडे नव्हती :)

भारतात गाडीतला हवाशुद्धीकारक ही जाहिरातीची गोष्ट झाली ती २०१९-२० च्या सुमारास. किया सेल्टॉस, नवी क्रेटा वगैरे गाड्यांबरोबर. तेव्हापासून हे आकडे दिसायला लागले. तो आकडा येतो कसा? आतल्या यंत्रात प्रकाशाचा झोत असतो, त्यातून जाणारे कण प्रकाश विखुरतात, ते मोजले जातात. हा यंत्राचा डोळा आहे, नाक नव्हे. त्या रात्री आमच्या गाडीत कण खरोखरच कमी होते. त्रास देणारी गोष्ट त्याच्या हिशोबातच नव्हती.

आणि गंमत अशी की, आपले कायदेही आधी डोळ्यानेच बघायला शिकले. १९१२ चा मुंबईचा धूर-उपद्रव कायदा होता तो गिरण्या-भट्ट्यांच्या दिसणाऱ्या धुरासाठी. वायूरूप पदार्थ स्पष्टपणे व्याख्येत आले ते १९८१ च्या हवा कायद्यात. पण २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच्या यादीत बदलापूर आणि उल्हासनगर ही दोन्ही नावं आली, तीही मुख्यतः धूलिकणांच्या मापावरच. धूळ आपल्याकडे आहेच, प्रश्न नाही. कात्रपमध्ये गॅलरीचा कठडा सकाळी पुसला तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. पण आमच्या भागाची खरी ओळख वासाची आहे.

ही ओळख एका दिवसात झाली नाही. विम्कोचा काड्यापेटीचा कारखाना अंबरनाथला आला तो स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली या पट्ट्यात रसायनांचे कारखाने वाढले. तेव्हा वस्ती लांब होती. मग मुंबईत घर परवडेना म्हणून माणसं इकडे आली, आम्हीही त्यातलेच, आणि इमारती कारखान्यांच्या कुंपणापर्यंत जाऊन भिडल्या. दोष एकट्या कारखान्यांचा म्हणता येत नाही, आणि माणसांचा तर मुळीच नाही.

तारखा मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरला वडोलगावजवळ वालधुनीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. जी वालधुनी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहते, तीच ही. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वायुगळती झाली. लोक तोंडाला रुमाल बांधून रस्त्यावर आले होते. करोनाचे दिवस, त्यामुळे मास्क सगळ्यांकडे होते, पण ते चाळणीच्या घराण्यातले! १२ सप्टेंबर २०२४ ला रात्री अंबरनाथमध्ये रासायनिक धुराने शहर भरून गेलं, लोकांचे डोळे चुरचुरले. तिन्ही घटना रात्रीच्या किंवा पहाटेच्या, हे बघा. थंडीत तर रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि जे काही सुटलं असेल ते तिथेच साठून राहतं.

असो. जावयांनी विचारलं, "मग आई, घ्यायचा कुठला?" मला काय वाचलं ते सांगता आलं. गाडीत साधारण तीन प्रकार मिळतात. पांढरा घडीचा कागदी, धुळीसाठी. करडा किंवा काळा, ज्यात कागदाच्या थरांमध्ये कोळसा भरलेला असतो. आणि 'हेपा' असं छापलेला. आमच्यासारख्या ठिकाणी काळा घ्यावा, पण हातात धरून. पांढऱ्यापेक्षा तो स्पष्टपणे जड लागला पाहिजे. नुसता काळा रंग उपयोगाचा नाही, वास पकडतो तो कोळसा, आणि कोळशाला वजन असतं. आंतरराष्ट्रीय मानकाचे याबाबत दोन भाग आहेत, आयएसओ १११५५ चा पहिला भाग कणांसाठी आणि दुसरा वायूंसाठी. दुसऱ्या भागाची चाचणी केल्याचं खोक्यावर असेल तर उत्तम. हेपाचं म्हणाल, तर खरा हेपा हवेला फार अडवतो, साध्या गाडीचा पंखा त्यातून हवा ढकलताना दमतो, आणि कडेला जरा फट राहिली की हवा फटीतूनच जाते. टेस्लाने २०१५ मध्ये मॉडेल एक्समध्ये हेपा बसवला तेव्हा त्यासाठी गाडीत मुद्दाम मोठी जागा केली होती. आपल्या गाडीच्या कप्प्यात ती कुठून येणार?

कोळशालाही मर्यादा आहेत, हे जावयांना दोनदा सांगितलं. ट्रॅफिकमधला कार्बन मोनॉक्साइड तो पकडत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याची ताकद कमी होते. आणि धुळीचा फिल्टर भरला की वारा कमी येतो, म्हणजे कळतं तरी. कोळसा भरल्याची खूण काहीच नाही, पुन्हा वास यायला लागणं एवढीच. सिगारेट-लायटरच्या जागी खोचायचे ते 'आयन' सोडणारे डबे मात्र घेऊ नका म्हटलं. त्यातले काही ओझोन तयार करतात आणि ओझोनने दमा बळावतो. कॅलिफोर्नियाने २०१० पासून अशा घरगुती उपकरणांच्या ओझोनवर मर्यादा घातली आहे ती उगाच नव्हे.

आणि एक फुकटचा उपाय. गाडीत बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायचं बटण असतं. वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधी ते दाबायचं, वास नाकात गेल्यावर नव्हे. पट्टा ओलांडला की काढायचं, नाहीतर चार माणसांच्या उच्छ्वासाने हवा कोंदट होते आणि गाडी चालवणाऱ्याला पेंग येते.

रविवारी जावयांनी पुढचा कप्पा उघडून तो महिन्याभरापूर्वीचा महागडा फिल्टर बाहेर काढला. पांढरा होता तो चक्क राखाडी झाला होता. घड्यांत एक पतंग आणि कसल्या तरी झाडाची बारीक पानं. म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं होतं हो, उगीच त्याला बोल लावला. त्या जागी आता काळा बसवलाय. नातवाने स्केचपेनने त्याच्या कडेला तारीख लिहिली आणि सहा महिन्यांनंतरची तारीख माझ्या कालनिर्णयवर.

त्यानंतर दोनदा त्या रस्त्याने जाणं झालं. वास कमी आला, गेला नाही. बटणाचं काम नातवाने स्वतःकडे घेतलंय. वळण आलं की पुढच्या सीटवरच्या बापाच्या खांद्यावरून हात घालतो आणि ओरडतो, "आजी, वास-नाका!"