मगनवाडीचे स्वयंपाकघर आणि आपल्या घरचे उरलेले अन्न

वर्धा म्हटले की आपणांस सेवाग्राम आठवते. परंतु १९३६ साली शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी गांधीजी वर्धा शहरातील मगनवाडीत राहत होते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या या वाडीतून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य चाले. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. त्यांचा जन्म १८९२ साली तंजावरच्या एका ख्रिस्ती घराण्यात झाला आणि उच्च शिक्षण अमेरिकेत झाले.

१९३५ साली मगनवाडीचे स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच होती. तेथे हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ व सोयाबीन यांचे प्रयोग चालत. गिरणीत तांदळाचा कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात, हे तेथे आग्रहाने सांगितले जाई. मुळा, गाजर, सलगम यांचा पाला फेकू नये, तो खावा, असे गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले. गरिबाचे पोषण पुष्कळदा आपण टाकून देतो त्यातच असते, हे या प्रयोगांचे सार होय.

कुमारप्पांनी तुरुंगवासात दोन पुस्तके लिहिली. एक चिरस्थायी अर्थव्यवस्थेविषयी, दुसरे प्रभू येशूच्या आचार-विचारांविषयी. त्यांच्या लेखी हे दोन विषय वेगळे नव्हते. संत योहानच्या शुभवर्तमानातही पाच भाकरी व दोन मासे पाच हजारांना पुरल्यावर प्रभू उरलेले तुकडे गोळा करावयास सांगतो आणि बारा टोपल्या भरतात. जो विपुलता निर्माण करू शकतो, तोच काही वाया जाऊ देत नाही!

मगनवाडीत सामिष अन्न नव्हते, आपल्या घरी रविवारी कोंबडी शिजते. पण धडा तोच. उरलेली कोंबडी वेळीच थंड जागी ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिचे मांस हाडांवरून सोडवावे. तव्यावर थोड्या तेलात कांदा, उकडलेला बटाटा, गाजर व मुळ्याचा चिरलेला पाला परतावा, त्यात मांस घालून चांगली वाफ येईपर्यंत गरम करावे. हाडांचे सार होते. मुलांना प्रथिने व हिरवा पाला एकाच घासात मिळतो.

मात्र एक भान असावे. काटकसर ही आपल्या ताटापुरती. दारी आलेल्या भुकेल्यासाठी शिळे राखून ठेवणे म्हणजे दान नव्हे. त्याचा वाटा अन्न ताजे असतानाच काढावा आणि उरलेले आपण आनंदाने खावे.