पॅरिश-हॅडली : अमेरिकन श्रीमंतांची घरं सजवणारी जोडी कोण होती?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या कुटुंबाचं व्हाइट हाऊसमधलं घर सजवायचं काम 'सिस्टर' पॅरिश यांना मिळालं. नावामुळे अनेकांना वाटलं, हे काम एखाद्या ननकडे गेलंय! प्रत्यक्षात 'सिस्टर' हे त्यांचं घरातलं लाडाचं नाव होतं.

कोण होत्या सिस्टर पॅरिश?

खरं नाव डोरोथी. जन्म १९१०चा, न्यू जर्सीतल्या श्रीमंत घरातला. महामंदीत कुटुंबाला पैशांची चणचण भासू लागली, तेव्हा त्यांनी १९३३मध्ये फार हिल्स गावात सजावटीचं दुकान थाटलं. डिझाइनचं शिक्षण शून्य, पण नजर पक्की.

हॅडली कसे आले?

टेनेसी राज्यात १९२०मध्ये जन्मलेले अल्बर्ट हॅडली न्यूयॉर्कच्या पार्सन्समध्ये शिकले, तिथेच त्यांनी शिकवलंही. 'मॅकमिलन' या नावाजलेल्या फर्ममध्ये काम केल्यावर १९६२मध्ये ते पॅरिश यांच्याकडे आले. पुढे फर्मचं नावच 'पॅरिश-हॅडली' झालं.

दोघांमध्ये फरक काय?

पॅरिश खोलीत शिरल्या की त्यांना रंग, कापड आणि ऊब दिसायची. फुलाफुलांचं चिंट्झ, रंगवलेली लाकडी जमीन आणि आपल्या गोधडीसारखे, तुकडे जोडून शिवलेले क्विल्ट त्यांनी उच्चभ्रू दिवाणखान्यात आणले. हॅडली आधी खोलीची मापं, प्रकाश आणि रचना बघायचे. त्यांना आधुनिक डिझाइनचंही प्रेम होतं. ब्रुक अ‍ॅस्टर यांच्या न्यूयॉर्कमधल्या घरासाठी त्यांनी केलेली चकचकीत लाल रंगाची, पितळी पट्ट्यांची लायब्ररी आजही डिझाइनच्या जगात गाजते.

म्हणजे एकाची बाजू शिस्तीची, दुसऱ्याची मायेची. फक्त रचना असती तर घर शोरूमसारखं कोरडं वाटलं असतं, नुसती सजावट असती तर पसारा झाला असता. दोन्ही जुळल्यामुळे त्यांची घरं महागडी असूनही राहती वाटायची.

मागे काय उरलं?

पॅरिश १९९४मध्ये गेल्या. हॅडलींनी १९९९मध्ये फर्म बंद केली, २०१२मध्ये त्यांचंही निधन झालं. पण मार्क हॅम्प्टन, बनी विल्यम्स, डेव्हिड क्लाइनबर्ग असे नामवंत डिझायनर याच फर्ममध्ये घडले. म्हणूनच पॅरिश-हॅडलीला अमेरिकन इंटिरियर डिझाइनची शाळा मानलं जातं.